बंदूक नंतर, आधी काडतूस

इथे मोंटानात राहायला आल्यापासून गावाकडच्या मित्रांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, तुमच्याकडे तर म्हणे दुकानात बंदूक मिळते, मग तू कुठली घेतलीस?" मिळते हे खरं, मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात तंबू आणि मासेमारीच्या गळांच्या शेजारच्या काउंटरला मिळते. पण मी सांगतो की अस्वलासाठी मिरचीचा फवारा घेतलाय, आणि मग पलीकडून जो हशा सुरू होतो तो काही लवकर थांबत नाही.

सुरुवातीची काही वर्षं तर मला बंदूक घेताच येत नव्हती. इथे येणाऱ्या आपल्या बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. एच-वन-बी, एच-फोर, स्टुडंट व्हिसा, असल्या कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे, रेंजवर भाड्यानं घेऊन नेमबाजी केली तरी ते बाळगण्यातच धरतात. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट मिळते, तसे एक-दोन अपवाद आहेत. ग्रीन कार्ड आलं की ही अडचण जाते. त्यामुळे मित्राच्या सोबत "चल जरा दोन बार काढून येऊ" म्हणून जाण्याआधी आपला व्हिसा बघा, कारण इथे चूक महागात पडते, थेट फेडरल गुन्हा.

तर आता मूळ मुद्दा. "कुठली बंदूक चांगली" हा प्रश्नच अर्धा आहे. बंदूक म्हणजे शेवटी एक नळी आणि ठोका मारणारा घोडा, खरं काम करतं ते काडतूस. समोर काय थांबवायचंय आणि त्याच्या मागे काय आहे, या दोन गोष्टींवरून आधी काडतूस ठरतं आणि मग ते काडतूस झाडणारी, आपल्या हाताला पेलणारी बंदूक बघायची. लोक बरोबर उलटं करतात, सिनेमात बघितलेली बंदूक घेतात आणि मग दुकानदाराला विचारतात, यात काय घालतात?

काडतूस समजायला अवघड नाही. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाला ठोका बसला की पेटणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली शिशा-तांब्याची गोळी. आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण उडून जाते ती फक्त ती पुढची गोळी, पितळ मागेच राहतं. गोळीची जाडी इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे पॉइंट २२ म्हणजे इंचाचा बावीस शतांश, साधारण साडेपाच मिलिमीटर. वजन मात्र ग्रेनमध्ये सांगतात, एका ग्रॅमला साधारण साडेपंधरा ग्रेन. आपल्या सोनाराची गुंज धरली तर एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन, असं लक्षात ठेवलं की मला सोपं जातं. खोक्यावर १२४ ग्रेन लिहिलंय म्हणजे तेवढी दारू भरलीय असं बरेच जण समजतात, तसं नाही, ते गोळीचं वजन असतं.

आणि जाडी म्हणजे ताकद नव्हे, इथेच बहुतेक सगळे फसतात. पॉइंट २२ लॉन्ग रायफल आणि पॉइंट २२३ रेमिंग्टन यांची गोळी जवळपास सारख्याच जाडीची. पहिली ४० ग्रेनची, सेकंदाला साधारण पावणेचारशे मीटर जाते, सशा-खारीला पुरते. दुसरी ५५ ग्रेनची, सेकंदाला साडेनऊशे मीटरच्याही वर जाते आणि तिच्यातली ऊर्जा पहिलीच्या नऊ पट भरते. वेग वाढला की ऊर्जा वर्गानं वाढते, शाळेत पाठ केलेलं ते सूत्र इथे येऊन भेटतं.

बारा बोरची गंमत वेगळी. आमच्या आजोळी कोकणात भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक होती आणि शेजारच्यांकडे बारा बोर, आम्ही पोरं समजायचो की बारा म्हणजे बारा गोळ्या बसतात. तर तसं काही नाही. एक पौंड शिसं घ्यायचं, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, त्याचे सारखे बारा गोळे करायचे, त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर, साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोर ही बारापेक्षा बारीक असते, आकडा वाढला की नळी लहान. आणि ती एकच बंदूक आत काय घालाल तशी बदलते, पक्ष्यांसाठी मोहरीपेक्षा थोडे मोठे छर्रे, हरणासाठी आठ-नऊ मोठे छर्रे ज्याला इथे बकशॉट म्हणतात आणि आपल्याकडचे जुने शिकारी एलजी-एसजी म्हणायचे, नाहीतर सरळ एकच २८ ग्रॅमचा शिशाचा गठ्ठा, स्लग. आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतही बारा बोरची काडतुसं बनतात, गावाकडे ज्यांनी कुणी ती हाताळलीत त्यांना छर्ऱ्याचे नंबर पाठ असतात.

आता जंगल. जंगलासाठी बंदूक म्हणतात तेव्हा लोक दोन वेगळी कामं एकात कोंबतात, एक म्हणजे पोट भरणं आणि दुसरं म्हणजे आपण कुणाचं पोट न भरणं. दोन्हीला एकच बंदूक चालत नाही.

पोट भरायला पॉइंट २२ लॉन्ग रायफल, विषय संपला. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, आणि वजन बघा, पाचशे काडतुसं पावणेदोन किलोच्या आसपास भरतात, तेवढीच बारा बोरची घेतलीत तर वीस किलोच्या वर जातात, ती पाठीवर घेऊन चालून दाखवा. अमेरिकन हवाई दलानं पायलटसाठी याच विचारातून छोट्या घडीच्या रायफली काढल्या होत्या, आणि एआर-७ नावाची एक रायफल तर अशी आहे की तिची नळी आणि बाकीचे भाग काढून तिच्याच प्लास्टिकच्या दस्त्यात भरून ठेवायचे, पाण्यात पडली तरी तरंगते. मला ती फार आवडते, पण खरं सांगायचं तर ती बॅगेत असल्याचं समाधानच जास्त, कारण रानात हरवलेल्या माणसाला भुकेच्या कितीतरी आधी थंडी, ओले कपडे आणि तहान गाठते. काडेपेटी आणि जास्तीचे मोजे यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही एवढंच.

या बाबतीतला सगळ्यात भारी किस्सा रशियाचा. मार्च १९६५ मध्ये वोस्खोद-२ या यानातून अंतराळात चालून आलेले लिओनोव्ह आणि त्यांचे जोडीदार बेल्यायेव परत येताना ठरलेल्या जागेपासून लांब पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरले आणि मदत पोचेपर्यंत त्यांना तिथेच रात्री काढाव्या लागल्या, लांडग्या-अस्वलांच्या मुलखात. पुढे १९८६ पासून वीसेक वर्षं सोव्हिएत आणि मग रशियन अंतराळवीरांच्या सामानात टीपी-८२ नावाचं तीन नळ्यांचं पिस्तूल जायचं, वरच्या दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, खालची एक रायफलीची, आणि मागे लावायचा दस्ता म्हणजे चक्क म्यान घातलेला कोयता. मी वर दोन कामांना एक बंदूक चालत नाही म्हणालो ना, त्यांनी त्याच्यावर काढलेला हा तोडगा.

दुसरं काम म्हणजे अस्वल. इथलं ग्रिझली भरात असलं की ताशी ५० किलोमीटरच्या वर धावतं, म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. तुमच्या-त्याच्यात तीस मीटर अंतर असेल तर हातात दोन सेकंद. त्यात ओळखायचं, खांद्यावरून बंदूक काढायची, नेम धरायचा आणि डोकं वर-खाली हलवत येणाऱ्या जनावराला योग्य जागी मारायचं. अस्वलाला गोळी लागणं आणि अस्वल थांबणं यात फार फरक आहे, जाड कातडं, चरबी, मांडीएवढे स्नायू आणि हाडं, त्यामुळे इथे अशी गोळी लागते जी जड असते आणि आत गेल्यावर न फुटता खोल जाते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याच्या लोकांनी अलास्कासाठी जवळच्या अंतरावरून वेगवेगळ्या काडतुसांची चाचणी केली, त्यात वर आलेली काडतुसं अर्थातच मोठ्या आफ्रिकन शिकारीची होती, पण साधी थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ सालचं सैन्याचं जुनं काडतूस, २२० ग्रेनच्या जड गोळीसकट चांगली ठरली. बारा बोरचा स्लगही लोक नेतात. स्वालबार्डला, नॉर्वेच्या उत्तरेला, वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला पळवायचं साधन जवळ असणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथेही रायफल नेणारे पॉइंट ३०८ किंवा थर्टी-ऑट-सिक्सच्या खाली जात नाहीत, आणि सोबत आवाजा-उजेडाचा बार काढणारं सिग्नल पिस्तूल ठेवतात.

पिस्तूल नेणारे पॉइंट ४४ मॅग्नम किंवा १० एमएम नेतात. पॉइंट ४४ झाडून बघा एकदा, मनगटाला झटका बसतो आणि दुसरी गोळी कुठे गेली ते कळत नाही. जे हत्यार झाडायची भीती वाटते त्याचा सराव होत नाही, आणि सराव नाही तर ते फक्त कमरेचं ओझं.

आणि आता ते फवाऱ्याचं, ज्याच्यावर मित्र हसले होते. अलास्कात संशोधकांनी दोन अभ्यास केले. २००८ मध्ये आलेल्या पहिल्यात १९८५ ते २००६ मधल्या फवारा वापरल्याच्या ८३ घटना होत्या, तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली त्यातलंच) बाबतीत ९२ टक्के वेळा फवाऱ्यानं जनावर थांबलं आणि फवारा जवळ असलेल्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना ओरखडाही आला नाही. २०१२ च्या दुसऱ्यात बंदुकीच्या २६९ घटना, पिस्तुलवाले ८४ टक्के वेळा यशस्वी, लांब नळीवाले ७६ टक्के, आणि बंदूक नुसती जवळ असलेल्या पण न झाडलेल्या लोकांच्या आणि झाडलेल्यांच्या दुखापतीत फारसा फरक सापडला नाही. आता दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून सरळ तुलना करणं बरोबर नाही हे मान्य, फवाऱ्याच्या बऱ्याच घटनांत अस्वल नुसतं हुंगत कुतूहलानं आलेलं होतं, चाल करून आलेलं नव्हतं. पण कारण समजायला सोपं आहे, गोळी एका रेषेत जाते आणि फवाऱ्याचा ढग होतो, सात-आठ मीटर लांब, त्यात अस्वल आपणहून शिरतं. घाबरलेल्या हाताला रेषेपेक्षा ढग परवडतो. नियमही बघून ठेवा, यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये फवारा न्या असं पार्कवालेच सांगतात, योसेमिटीत मात्र बंदी आहे, आणि विमानात तर कुठल्याच बॅगेत चालत नाही. बंदूक २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जवळ ठेवता येते पण झाडायला मनाई आहे, ही अमेरिकन तऱ्हा मला अजून पचलेली नाही.

घराचं गणित जंगलाच्या बरोबर उलटं, आणि काडतूस आधी का म्हणतो ते इथे कळतं. अस्वलाला जी खोल जाणारी गोळी हवी तीच घरात सगळ्यात वाईट. कारण आपल्याकडे भिंत म्हणजे नऊ इंची विटांची, इथे भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्हीकडून ठोकलेलं अर्ध्या इंचाचं जिप्समचं पान, मुठीनं भोक पडतं. पिस्तुलाची साधी गोळी अशा तीन-चार भिंती सहज पार करते, आणि त्यातल्या कुठल्या तरी भिंतीपलीकडे तुमचं पोरगं झोपलेलं असतं नाहीतर शेजारी. म्हणून घरासाठी टोकाला खड्डा असलेली, आत शिरल्यावर फुलासारखी उमलणारी गोळी वापरतात, हॉलो पॉइंट. उमलली की तिचा वेग मरतो आणि ती आतच थांबते. पण हुकली आणि भिंतीलाच लागली तर त्या खड्ड्यात जिप्सम भरतं, ती उमलत नाही आणि साध्या गोळीसारखीच पलीकडे जाते, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

या उमलणाऱ्या गोळीचं एक गाजलेलं नाव आपल्याकडचंच आहे. आज कोलकात्याचं विमानतळ ज्या दमदमला आहे तिथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता, वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत पॉइंट ३०३ ची पूर्ण धातूनं मढवलेली गोळी माणसाला लागूनही तो धावत येतो अशी सैन्याची तक्रार होती, म्हणून तिथल्या कॅप्टन बर्टी-क्ले यानं १८९० च्या दशकात टोक उघडं ठेवलेली गोळी काढली, तीच दमदम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्यांना बंदी आली. गंमत अशी की जी युद्धात चालत नाही ती इथे पोलीस आणि सामान्य माणूस वापरतो, आणि कारण तेच, आरपार जाऊन मागच्याला लागू नये.

मग किती खोल जायला हवी? हा आकडा रक्त सांडून आलाय. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांची चकमक झाली, दोन एजंट मेले, पाच जखमी. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची उमलणारी गोळी दंडातून छातीत लागली होती पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो पुढे कितीतरी वेळ गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयनं जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या झाडून मापं ठरवली, गोळी किमान १२ इंच जावी आणि १८ च्या पुढे जाऊ नये, कपड्यातून, प्लायवूडमधून, काचेतून गेली तरी. आधी त्यांनी मोठ्या काडतुसांकडे धाव घेतली, १० एमएम, मग १९९० ची पॉइंट ४०, आणि शेवटी २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागानं मांडलं की आताच्या गोळ्या सुधारल्यात, ९ एमएम पुरे, धक्का कमी म्हणून नेमही बरा लागतो. १९०२ सालचं काडतूस, फिरून तिथेच.

शॉटगन, म्हणजे बारा बोरसारखी छर्ऱ्याची बंदूक, तिच्याबद्दलचा एक मोठा गैरसमज म्हणजे नेम धरायला नको, छर्रे पसरतात, खोलीभर लागतात. पाच मीटरच्या खोलीत बकशॉट पसरतो फार तर तळहाताएवढा. नेम धरावाच लागतो, आणि हुकलेले आठ-नऊ छर्रे भिंतीपलीकडे जातात ते वेगळंच. बर्डशॉट, म्हणजे पक्ष्यांसाठीचे ते बारीक छर्रे, भिंतीत लवकर दमतो पण माणसाला थांबवेल याचा भरवसा नाही. पॉइंट २२३ ची हलकी, वेगवान गोळी मात्र ऐकायला भयंकर असूनही भिंतीत लवकर तुटते-कोलमडते, पुष्कळदा पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कमी धोकादायक ठरते, हे मला रेंजवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. त्यातली कुठलीही बंद खोलीत झाडली की आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, कानात घंटा कायमची.

पण माझं स्पष्ट मत, घरासाठी पहिली खरेदी बंदूक नसावी. दाराचा चांगला कडी-कोयंडा, बाहेरचा दिवा, भुंकणारं कुत्रं, आणि हातात एक झगझगीत टॉर्च. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला हॅलोविनच्या पार्टीला निघालेला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकून दुसऱ्याच घरी गेला आणि घरमालकानं त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात मालक सुटला, नंतर दिवाणी दाव्यात लाखो डॉलरची भरपाई द्यावी असा निकाल लागला, पोरगा काही परत आला नाही. अंधारात समोर कोण आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये, त्यासाठी टॉर्च.

आणि कुलूप. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ आत्महत्या. म्हणजे घरात आलेली बंदूक चोरापेक्षा घरच्याच एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती लागण्याची भीती मोठी. घरात लहान मुलं असतील, किंवा कुणी वाईट काळातून जात असेल, तर बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, नाहीतर सरळ काही दिवस घराबाहेर ठेवलेली बरी.

गावाकडचे विचारतात, आम्ही काय घ्यावं? तिथे सगळा मामला परवान्याचा. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि शहरात पोलीस आयुक्त, वय किमान २१, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका. मी वर कौतुक केलेलं ९ एमएम भारतात प्रतिबंधित बोरात येतं, सामान्य माणसाला मिळतच नाही, म्हणून तिथे पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर नाहीतर बारा बोर. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय कायद्यातच आहे, आजोळची ती त्यातलीच असणार, निवडणूक आली की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करायला घेऊन जायचे आणि पावती पोथीत ठेवायचे. आणि डुक्कर-बिबट्या डोक्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आधी वाचा, जिवावर बेतलं म्हणून मारणं वेगळं आणि दबा धरून मारणं वेगळं.

फवाऱ्याच्या डब्यालाही तारीख असते, साधारण चार वर्षं. माझा जुना डबा गेल्या महिन्यात संपायला आला म्हणून म्हटलं फेकण्याआधी उडवून बघू, सराव तरी होईल. मागच्या अंगणात गेलो, पिन काढली, दाबलं, नारिंगी ढग मस्त सुटला, आणि मग वारा फिरला. मी तिथेच खाली बसलो. आतून बायको खोकत ओरडली, खिडकी उघडी असताना एवढ्या मिरच्यांची फोडणी कोण देतंय? हे सगळं मित्रांना सांगितलं, आणि यावेळी पण ते हसले, पण निदान कुणी बंदूक कुठली घेतलीस असं विचारलं नाही.